विश्लेषण : डॅनियल बूनची लाँगरायफल आणि मॅपलची फळी… दस्त्याचे लाकूड इतके महत्त्वाचे का?

अठराव्या शतकातील अमेरिकी सरहद्दीवरचा शिकारी डॅनियल बून याचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास डोळ्यांसमोर येतात : केंटकीचे जंगल आणि त्याच्या हातातली लांबलचक रायफल. ही ‘लाँगरायफल’ जुन्या पद्धतीने हाताने घडवणारे अनेक कारागीर आजही अमेरिकेत आहेत. नळी तयार मिळते, चकमकीची यंत्रणा तयार मिळते. गाडे अडते ते दस्त्याच्या लाकडापाशी. चांगल्या मॅपलची जाड, लांब, नीट वाळलेली फळी मिळवणे हे या कामातले सगळ्यात अवघड पाऊल समजले जाते. बूनचे आयुष्य पाहिले तर लाकडाबद्दलचा हा काटेकोरपणा कशासाठी, हे लक्षात येते.

डॅनियल बून कोण होता?

पेनसिल्व्हेनियातील आजच्या रेडिंग शहराजवळ, ओली खोऱ्यात १७३४ मध्ये बूनचा जन्म झाला. वडील स्क्वायर बून इंग्लंडमधील डेव्हनहून आलेले क्वेकर पंथीय. ते विणकर होते आणि लोहारकामही करत. आई सेरा मॉर्गन. अकरा भावंडांत डॅनियल सहावा. शाळेशी त्याचा संबंध नावापुरताच आला. गुरे राखता राखता तो शिकार शिकला आणि बारा-तेरा वर्षांचा असताना त्याच्या हाती पहिली रायफल आली. थोरल्या मुलांनी पंथाबाहेर लग्ने केल्यामुळे वडिलांचे क्वेकर मंडळींशी बिनसले आणि १७५० मध्ये हे कुटुंब दक्षिणेला निघाले. ते स्थिरावले नॉर्थ कॅरोलायनातील यॅडकिन नदीच्या खोऱ्यात.

१७५५ मध्ये ब्रिटिश सेनानी ब्रॅडॉक यांच्या फौजेत बून गाडीवान होता. मोनोंगहेला नदीकाठी या फौजेचा धुव्वा उडाला तेव्हा तो घोड्यावर बसून निसटला. याच मोहिमेत भेटलेल्या जॉन फिंडली या व्यापाऱ्याने त्याला डोंगरांपलीकडच्या केंटकीच्या गोष्टी सांगितल्या. पुढच्या वर्षी रिबेका ब्रायनशी त्याचे लग्न झाले. त्यांना दहा मुले झाली. त्यांचा सांभाळ बहुतेक वेळा रिबेकाच करायची, कारण नवरा महिनोन् महिने जंगलात असायचा.

लाँगरायफल आली कुठून?

बूनचे बालपण जिथे गेले तो पेनसिल्व्हेनियाचा पट्टा हेच या रायफलचे माहेर. लँकेस्टर, रेडिंग, नॉर्दम्प्टन या भागांत जर्मन आणि स्विस कारागीर येऊन वसले होते. त्यांच्या मायदेशी शिकारीसाठी ‘येगर’ नावाची आखूड, जाड नळीची रायफल वापरली जायची. अमेरिकेच्या जंगलात आठवडेच्या आठवडे फिरायचे असेल तर शिसे आणि दारू पाठीवर वाहावी लागते. त्यामुळे गोळी लहान झाली आणि नळी लांबली. ४२ ते ४६ इंचांच्या नळ्या सर्रास होऊ लागल्या. नळीच्या आत पेचदार खाचा असत. तेल किंवा चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गोळी गुंडाळून ती गजाने आत सारायची, की त्या खाचांमुळे ती फिरत बाहेर पडे. सैन्याच्या साध्या मस्कीटपेक्षा ही रायफल भरायला वेळ लागे, पण नेम कितीतरी लांबवर लागे.

नाव मात्र पडले ‘केंटकी रायफल’. १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईतील केंटकीच्या शिकाऱ्यांवर एक गाणे रचले गेले. १८२० च्या दशकात ते लोकप्रिय झाले आणि त्यातूनच हे नाव रूढ झाले. घडवणारे पेनसिल्व्हेनियाचे, नाव वापरणाऱ्यांच्या प्रांताचे, असा हा प्रकार.

बूनच्या घरातही हे कसब होते. धाकटा भाऊ स्क्वायर (वडिलांचेच नाव त्याला होते) पंधराव्या वर्षी पेनसिल्व्हेनियात परत गेला आणि बंदुका घडवणाऱ्या चुलतभावाकडे, सॅम्युएल बूनकडे, उमेदवारी करू लागला. डॅनियलच्या पुढच्या भटकंतीत हा भाऊ किती कामी आला, हे चरित्रांत फारसे ठळकपणे येत नाही. यायला हवे.

दस्त्यासाठी मॅपलच का?

युरोपात दस्त्यासाठी अक्रोडाच्या लाकडाला पसंती होती. पेनसिल्व्हेनियातही काळा अक्रोड आणि चेरी होते आणि त्यांचे दस्तेही झाले. पण मॅपल मुबलक होते, कठीण होते, बारीक पोताचे होते आणि पटाशीने कोरलेली नक्षी त्यात स्वच्छ उमटत होती. लाँगरायफलचा दस्ता नळीच्या टोकापर्यंत जातो. म्हणजे जवळजवळ पाच फूट लांबीचे सलग लाकूड लागते. पुढच्या भागात नळीची खाच आणि खालचे गजाचे भोक यांमध्ये काही मिलिमीटरच लाकूड उरते. तकलादू लाकूड तिथे टिकत नाही.

मॅपलमध्येही प्रकार आहेत. साखर मॅपल हे ‘हार्ड’, तर लाल मॅपल हे ‘सॉफ्ट’ म्हणून ओळखले जाते. सॉफ्ट या शब्दाने फसू नये; चांगले, दाट वाढलेले लाल मॅपल दस्त्याला उत्तम चालते आणि जुन्या रायफलींत दोन्ही प्रकार आढळतात. साखर मॅपल वजनाला जड, लाल मॅपल थोडे हलके. अति मऊ तुकडा मात्र कोरताना तंतू सोडतो आणि नक्षीच्या कडा भुरभुरतात. फळी पाहून प्रकार ओळखता आला नाही तर लाकडावर फेरस सल्फेटचे द्रावण लावतात. लाल मॅपल निळसर-काळे पडते, साखर मॅपल हिरवट.

आपल्याकडे सागवान घेताना सुतार गाभ्याचे लाकूड मागतो आणि सालीलगतचे पांढरे लाकूड बाजूला काढतो. मॅपलमध्ये नेमके उलटे आहे. दस्त्यासाठी सालीलगतचे पांढरेच लाकूड घेतात. लाकूड पांढरे असले तरी जुने दस्ते लालसर-तपकिरी दिसतात, ते रंगवल्यामुळे. नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून ते द्रावण लाकडावर लावायचे, मग आच दाखवायची. रंग डोळ्यांदेखत उमटतो. वरून जवसाच्या तेलाचे हात.

आणि पट्टे? ज्याला कर्ली किंवा टायगर मॅपल म्हणतात, त्याच्या अंगावर वाघासारखे आडवे पट्टे दिसतात. हे लाकूड वेगळ्या जातीचे नसते. काही झाडांत तंतू सरळ न वाढता लाटांसारखे वाढतात. फळी कापली की लाटेचा चढ आणि उतार प्रकाश वेगवेगळा परतवतात, म्हणून पट्टे दिसतात आणि फळी फिरवली की ते सरकल्यासारखे वाटतात. व्हायोलिनच्या पाठीला हेच लाकूड लावतात. बाहेरून झाड पाहून पट्ट्यांची खात्री देता येत नाही.

चांगली फळी ओळखायची कशी?

नवखा माणूस पट्टे पाहतो. जाणता कारागीर आधी फळीची बाजू पाहतो. दस्त्याचा सर्वात नाजूक भाग म्हणजे नळीच्या मागे, जिथे हाताची पकड येते तो बारीक भाग. कारागीर त्याला दस्त्याचे मनगटच म्हणतात. तिथे दस्ता खाली वळतो. लाकडाच्या रेषाही त्या वळणाबरोबर वळत गेल्या तर मनगट मजबूत. रेषा वळण न घेता तिरप्या बाहेर पडत असतील, तर कितीही सुंदर लाकूड असो, एक जोराची पडझड झाली की दस्ता तिथेच दुभंगतो. जुन्या रायफलींच्या मनगटावर पत्र्याच्या पट्ट्या आणि कातडी गुंडाळून केलेली दुरुस्ती वारंवार दिसते, ती यामुळेच. दाट पट्टे नेमके मनगटात आले तर तेही धोक्याचे, कारण लाट जिथे तीव्र असते तिथे तंतू आखूड तुटतात. म्हणून अनुभवी लोक पट्ट्यांपेक्षा रेषेला जास्त मोल देतात आणि ते बरोबरच आहे.

झाडाच्या बुंध्याचा भाग यासाठी सर्वात चांगला. मुळांकडे बुंधा रुंदावतो तिथे रेषा आपसूक वळतात आणि पट्टेही बहुधा तिथेच जास्त असतात. फळीचा बुंध्याकडचा भाग खांद्याकडे आणि सरळ भाग नळीकडे, अशी आखणी केली की निसर्गानेच दिलेले वळण वापरता येते. ओंडका कसा चिरला आहे यालाही महत्त्व आहे. वाढीची वलये फळीच्या रुंद बाजूला काटकोनात येतील असा चिरला तर फळी कमी मुरडते आणि कर्ली मॅपलचे पट्टे दस्त्याच्या दोन्ही अंगांवर चांगले दिसतात.

मग वाळवण. इंचाला एक वर्ष हा सुतारांचा जुना अडाखा. दस्त्याची फळी अडीच इंच जाड, म्हणजे किमान अडीच-तीन वर्षे सावलीत, हवेशीर जागी, थरांमध्ये पट्ट्या घालून ठेवायची. टोकांना मेण किंवा रंग लावायचा, नाहीतर तिथून पाणी लवकर निघून जाते आणि चिरा पडतात. झाड हिवाळ्यात तोडलेले बरे; उन्हाळ्यात तोडलेला मॅपलचा ओंडका पडून राहिला तर पांढरे लाकूड करडे-निळसर पडते. भट्टीत घाईने वाळवलेल्या जाड फळीत आतला ताण राहतो. नळीची खाच काढताच अशी फळी वाकते आणि तोवर आठवड्याची मेहनत वाया गेलेली असते.

आज टंचाई कशामुळे? गिरण्या बाजारासाठी एक-दोन इंचांच्या फळ्या चिरतात. पट्ट्यांचे मॅपल गिटार आणि फर्निचरवाले उचलतात आणि त्यांना पातळ फळ्याच हव्या असतात. अडीच इंच जाड, पाच फूट लांब, बुंध्याची आणि तीन वर्षे सांभाळून वाळवलेली फळी ठेवणारे थोडेच उरले आहेत. आणखी एक अडचण गोड आहे. वसंतात पाकासाठी ज्या मॅपलला भोके पाडून रस काढतात, त्याच्या खालच्या ओंडक्यात प्रत्येक भोकापासून वर-खाली तपकिरी डागांचे पट्टे पडतात. म्हणजे दस्त्यासाठी जो भाग सर्वात मोलाचा, तोच खराब होतो.

केंटकीत बूनने काय केले?

१ मे १७६९ रोजी बून, फिंडली आणि आणखी चौघे केंटकीकडे निघाले. उद्देश साधा होता : हरणाची कातडी. डॉलरला बोलीभाषेत ‘बक’ म्हणतात, ते हरणाच्या कातड्यांच्या व्यवहारातून आले असे मानले जाते. पण ही शिकारभूमी शॉनी लोकांची होती. १७६८ मध्ये इरोक्वॉय लोकांनी ब्रिटिशांशी तह करून ती देऊन टाकली, तेव्हा शॉनींना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या दृष्टीने बून हा चोरटा शिकारी होता. डिसेंबर १७६९ मध्ये त्यांनी त्याला पकडले, सहा-सात महिन्यांची कातडी आणि घोडे जप्त केले आणि परत न येण्याची ताकीद देऊन सोडून दिले. बून अर्थातच थांबला.

इथे धाकटा स्क्वायर नवे सामान घेऊन जंगलात पोहोचला. १७७० मध्ये तो दारूगोळा आणायला परत गेला आणि सुमारे तीन महिने डॅनियल एकटा राहिला. ना भाकरी, ना मीठ, ना घोडा, ना कुत्रा. जवळ होती ती रायफल. अशा वेळी दस्ता मनगटात तुटला तर जवळचा बंदूकवाला शेकडो मैलांवर. परतीच्या वाटेवर १७७१ मध्ये पुन्हा लूट झाली. दोन वर्षांच्या शिकारीची कमाई जवळपास शून्य.

१७७३ मध्ये त्याने वस्ती करण्यासाठी कुटुंबे नेली, तेव्हा थोरला मुलगा जेम्स मारला गेला. १७७५ मध्ये सुमारे तीस जणांसह त्याने कंबरलँड घाटातून झाडे तोडत वाट काढली. तीच पुढे ‘वाइल्डरनेस रोड’ झाली. वाटेच्या टोकाला बूनझबरो उभे राहिले.

शॉनींच्या तावडीतून तो सुटला कसा?

फेब्रुवारी १७७८ मध्ये मीठ बनवायला गेलेल्या तुकडीसह बून शॉनींच्या हाती सापडला. त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानून घरात घेतले आणि ‘शेल्टोवी’, म्हणजे मोठे कासव, असे नाव दिले. तो तिथे रमल्यासारखा वागला, शिकारीला गेला, त्यांच्या बंदुका दुरुस्त करू लागला. जूनमध्ये बूनझबरोवर हल्ल्याची तयारी पाहून तो पळाला आणि चार दिवसांत सुमारे १६० मैल तुडवून पोहोचला. वाटेत एकदाच जेवला.

त्या एका जेवणाची हकिकत बून कुटुंबात सांगितली जात असे, ती अशी : त्याच्याकडे होती ती फक्त नळी आणि चकमकीची यंत्रणा, दस्ता नव्हता. वाटेत त्याने एक कोवळे झाड तोडले, ते तासून ओबडधोबड दस्ता केला, त्यावर नळी बांधली आणि एक बायसन मारला. वर सांगितलेले सगळे नियम (तीन वर्षांचे वाळवण, बुंध्याची रेषा, गाभ्याबाहेरचे लाकूड) या दस्त्याने मोडले होते. एक-दोन बारांपुरते ओले लाकूडही चालते. वर्षानुवर्षे ते नेम धरत नाही, कारण वाळता वाळता ते नळीभोवती मुरडते.

त्या सप्टेंबरमध्ये चारशेच्या आसपास शॉनी आणि त्यांच्या साथीदारांनी बूनझबरोला दहा-अकरा दिवस वेढा घातला, पण वस्ती टिकली. वेढ्यात स्क्वायरने लाकडाला लोखंडी पट्ट्या ठोकून तोफ केली होती, असे सांगतात. ती लवकरच फुटली. नंतर फितुरीच्या आरोपावरून डॅनियलची लष्करी चौकशी झाली. तो निर्दोष ठरला आणि त्याला बढतीही मिळाली.

मग तो श्रीमंत का झाला नाही?

१७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इस्रायल डोळ्यांदेखत गेला. १७८४ मध्ये जॉन फिल्सन यांच्या पुस्तकाने बूनला अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर प्रसिद्धी दिली. लाइमस्टोन गावात त्याने खानावळ आणि दुकान चालवले, जमीन मोजणीची कामे घेतली. त्याच्याकडे सात गुलामही होते. जमिनी भरपूर नोंदवल्या, पण केंटकीत एकाच तुकड्यावर तीन-तीन जणांचे दावे असत आणि बूनचा कागदोपत्री व्यवहार गलथान होता. दावे हरत, कर्ज फेडत जमिनी गेल्या. १७९९ मध्ये तो मिसुरीला गेला. तिथे तेव्हा स्पेनची सत्ता होती. स्पेनने दिलेली जमीन लुइझियाना खरेदीनंतर हातून गेली. १८१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ८५० एकर परत दिले, तेही केंटकीतल्या सावकारांसाठी विकावे लागले. शॉनींची भूमी गोऱ्यांना खुली करून देणाऱ्या माणसाकडे तिच्यातला वावभर तुकडा उरला नाही. शॉनींकडे त्याहूनही कमी उरले.

मार्च १८१३ मध्ये रिबेका गेली. थंडी ओसरताना ती आणि डॅनियल मॅपलचा रस उकळून साखर करायला तळावर गेले होते, तिथेच ती आजारी पडली. म्हातारपणी बून बंदुका दुरुस्त करी, दारू ठेवायची शिंगे कोरी आणि जमेल तेव्हा शिकारीला जाई. २६ सप्टेंबर १८२० रोजी मुलगा नेथन याच्या घरी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

बूनची खरी रायफल आज कुठे आहे?

खात्रीने सांगता येईल अशी एकही नाही. त्याच्या रायफली जप्त झाल्या, लुटल्या गेल्या, झिजल्या. सरहद्दीवर जुनी नळी पुन्हा खरवडून नव्या दस्त्यात बसवणे नित्याचे होते, त्यामुळे एकाच बंदुकीचे दोन-तीन जन्म होत. त्याचे नाव कोरलेल्या अनेक बंदुका संग्राहकांकडे आल्या. त्यांतल्या काहींवर आडनाव शेवटच्या ‘ई’ शिवाय आहे. बून स्वतः ते अक्षर लिहीत असे, त्यामुळे अशा कोरीवकामाकडे तज्ज्ञ संशयाने पाहतात.

म्हणून ज्यांना ‘बूनची रायफल’ घडवायची असते ते १७६० ते १७७५ या काळातल्या लँकेस्टर, रेडिंग, नॉर्दम्प्टन परिसरातील नमुने आधाराला घेतात. त्या काळच्या दस्त्याचा खांद्याकडचा भाग रुंद असे, जवळजवळ दोन इंच. नंतरच्या सडपातळ रायफलींना दोन इंचांची फळी पुरते, या नमुन्यांना सव्वादोन ते अडीच इंच लागते. पट्टे तेव्हाच्या बऱ्याच कामाच्या बंदुकांत मोजकेच किंवा अजिबात नसत. त्यामुळे साध्या, सरळ रेषेच्या, मनगटात नीट वळणाऱ्या मॅपलची फळी स्वस्तही पडते आणि त्या काळाशी अधिक जुळतेही.